चाल घ्या, नाव कापू नका

दिवाळी झाली की आपल्याकडं मंडईचा हंगाम सुरू होतो. गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कोणताही तालुका घ्या. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, रात्री दंडार नाहीतर नाटक, मागून शंकरपट, मग लग्नसराई आणि वरातीपुढं धुमाल नाहीतर डीजे. म्हणून हे हंगाम तोंडावर असतानाच लिहितो. पोस्ट लांब आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण पूर्ण वाचून द्या.

माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्याचं गाणं गायलं म्हणून कोणी चोर होत नाही. ज्यानं ते बांधलं त्याचं नाव कापलं की मात्र होतो. आणि आपल्या जिल्ह्यात नाव कापायचं काम सध्या जोरात चाललं आहे.

आधी एक लांबची गोष्ट सांगतो. लांबची आहे, पण तिची चाल तुमच्या कानात आहे.

1990 साली सनी देओलचा 'घायल' आला. संगीत बप्पी लाहिरींचं. त्यातलं नाचगाणं आठवा, ज्याची चाल वाजली की आजही वरातीत पोरं हात वर करतात. आता विचारा त्यांना, "कोणाचं गाणं रे?" उत्तर येईल, "सनी देओलचं." जरा जाणता कोणी असला तर म्हणेल, "नाही जी, ते इंग्लिश गाण्यावरून उचललं आहे, लंबाडा."

लंबाडावरून घेतलं हे खरं. पण लंबाडा इंग्लिश नाही. 1989 च्या उन्हाळ्यात काओमा नावाच्या फ्रान्समधल्या ग्रुपनं ते गाणं काढलं. गायली लोआल्वा ब्राझ ही ब्राझीलची गायिका, भाषा पोर्तुगीज. अख्ख्या युरोपात त्या वर्षी तेच गाणं वाजत होतं, लाखांनी रेकॉर्डी खपल्या. लोकांना वाटलं ब्राझीलच्या समुद्रकिनाऱ्यावरचं नाचाचं गाणं आहे.

मुळात ते गाणं ना ब्राझीलचं, ना समुद्रकिनाऱ्याचं. ते बोलिव्हियाचं. दक्षिण अमेरिकेतला डोंगराळ देश, ज्याला समुद्रच नाही. तिथल्या कोचाबांबा भागातल्या 'लोस क्यार्कास' या मंडळीनं 1981 साली स्पॅनिश भाषेत ते रेकॉर्ड केलं. गाणं उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या दोन भावांचं. नाव 'योरांदो से फुए', आपल्या भाषेत साधारण 'रडत निघून गेली'. नाचाचं काय घेऊन बसलात, ते विरहाचं गाणं आहे. तिकडच्या बासऱ्यांवर आणि तारेच्या वाद्यांवर, संथ लयीतलं.

मधले टप्पेही बघा, कारण मुद्दा त्यातच आहे. पेरूच्या एका मंडळीनं ते अकॉर्डियनवर, नाचता येईल अशा लयीत वाजवलं. ब्राझीलच्या मार्सिया फेरेरा या गायिकेनं 1986 साली रीतसर परवानगी घेऊन ते पोर्तुगीजमध्ये गायलं. इथपर्यंत सगळं ठीक. गाणं असंच फिरतं, फिरायलाच पाहिजे. मग काओमा आलं. अकॉर्डियन तेच, पोर्तुगीज शब्द तेच, चाल तीच. आणि रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव छापलं 'चिको द ओलिवेइरा'. असा कोणी संगीतकार नव्हताच! ग्रुपच्या मागं जे निर्माते होते त्यांतल्याच एकाचं ते टोपणनाव.

एर्मोसा भाऊ गप्प बसले नाहीत. कायद्यानं भांडले, आणि गाणं त्यांचंच आहे हे मान्य करून घेतलं. भरपाईही मिळाली. पुढं 2011 मध्ये जेनिफर लोपेझनं 'ऑन द फ्लोअर' या गाण्यात ती चाल वापरली, तेव्हा दोन्ही भावांची नावं लेखकांच्या यादीत आली. तीस वर्षांपूर्वीचं गाणं, डोंगरातल्या देशातलं, आणि अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या गायिकेला त्यांचं नाव लिहावं लागलं. कारण ते भांडले होते.

आणि आपल्याकडं? 'घायल' पाहणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत ना एर्मोसा पोचले, ना बोलिव्हिया. पस्तीस वर्षं आपण त्या चालीवर नाचतो आहोत.

गोष्ट इथं संपत नाही. खरी गंमत पुढं आहे. 2002 साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'अडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं. त्यात मागं लता मंगेशकरांचा आवाज होता. 'ज्योती' या 1981 च्या हिंदी सिनेमातलं गाणं, संगीतकार बप्पी लाहिरी. तुकडा उचलला, नाव दिलं नाही. मग बप्पीदा अमेरिकेच्या कोर्टात गेले. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं आदेश दिला, की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ही सीडी पुढं विकायची नाही. बघा, कोर्टानं गाणं वाईट आहे असं म्हटलं नाही. परत बनवू नका असंही म्हटलं नाही. नाव छापा, मग विका.

आता बप्पीदांना कोणी हसेल. मी हसत नाही. उलट मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. दुसऱ्याची चाल घेताना माणसाला नाव ही किरकोळ गोष्ट वाटते. स्वतःची चाल गेली की तीच गोष्ट समुद्रापार जाऊन कोर्टात भांडण्याएवढी मोठी होते. एवढा मोठा संगीतकार, घराघरांत माहीत असलेलं नाव, त्याला आपलं नाव पाहिजे होतं. मग आपल्या गावच्या म्हाताऱ्या शाहिराला ते नको असेल, असं आपण कोणत्या तोंडानं ठरवतो?

आता आपल्या जिल्ह्यात या.

गोंदिया म्हणजे गाण्यांचं जंक्शनच आहे. मुंबई-हावडा लाइन इथून जाते, बालाघाटकडून हिंदी येते, राजनांदगावकडून छत्तीसगढी येते. घरात कोणी पोवारी बोलतं, कोणी गोंडी, कोणी झाडीबोली. माघ पौर्णिमेला कचारगडला जा, किती गाणी ऐकू येतात. लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत बायांची गाणी वेगळी, रोवणीची वेगळी, दंडारीची वेगळी, खडीगंमतीची वेगळी. हे सगळं आज मोबाइलवर येतं आहे. पोरं घरी बसून बीट लावतात, गाणं रंगवतात, व्हिडिओ काढतात. मला ते वाईट वाटत नाही, हे आधीच सांगतो. तलावाच्या पाळीवर उभं राहून पोवारी गाणं म्हणणारी पोरगी हजारो लोक बघतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण खाली लिहिलेलं वाचा कधी. "गीत: पारंपरिक. संगीत: अमुक डीजे. निर्माता: तमुक चॅनल." वर तंबी, "कॉपी केल्यास कारवाई."

आमच्या ओळखीतले एक म्हातारे दंडारीचे गायक आहेत. त्यांचं नाव इथं टाकत नाही, ज्यांनी हे केलं त्यांचंही नाही. भांडण लावायला हे लिहीत नाही. म्हाताऱ्यांनी तरुणपणी रोवणीच्या बायांवर एक गाणं बांधलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची. गावात ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं असे लोक अजून जिवंत आहेत. मंडईत कोणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. काही महिन्यांनी बीट लावून, नवीन आवाजात, एका चॅनलवर ते आलं. गीत: पारंपरिक. गाणं चाललं, वरातीत वाजायला लागलं. म्हाताऱ्यांना वाईट वाटलं का? सुरुवातीला नाही. ते खुशच होते. म्हणाले, "वाजते नं बाबू, वाजू दे."

मग त्यांच्या नातवानं आजोबांचा मूळ आवाज स्वतःच्या चॅनलवर टाकला. दोन दिवसांत मेसेज आला, की या व्हिडिओवर दुसऱ्याचा कॉपीराइट दावा आहे. हे असं होतं कसं, तेही सांगतो. यूट्यूबची यंत्रणा गाणं कोणी बांधलं ते ओळखत नाही. तिच्याकडं ज्यानं आधी नोंद केली, त्याच्याशी ती आवाज आणि चाल जुळवून बघते. नोंद केली होती डीजेवाल्यांनी. म्हणजे आजोबाचं गाणं, आजोबाचाच आवाज, आणि नोटीस नातवाला. त्या दिवशी मात्र म्हातारे काही बोलले नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, एका घरची गोष्ट आहे. मी म्हणतो, आपापल्या गावात विचारून बघा.

या सगळ्यात सर्वात लबाड शब्द कोणता असेल तर 'पारंपरिक'. शब्द चांगला आहे. जी गाणी खरोखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ज्यांचा कर्ता कोणालाच आठवत नाही, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. पण आपल्याकडं त्याचा अर्थ असा झाला आहे: ज्याचा कर्ता गरीब आहे, ज्याच्याकडं कागद नाही, जो कोर्टात जाणार नाही, त्याचं गाणं पारंपरिक. मुंबईच्या संगीतकाराची चाल घेतली तर तिला कोणी पारंपरिक म्हणत नाही. कारण तिथून वकिलाचं पत्र येतं! म्हणजे परंपरेचा मान राखायला हा शब्द वापरलाच जात नाही. धोका कुठं नाही ते बघून वापरला जातो.

आणि ही गोष्ट बोलिव्हियातही तशीच होती, म्हणून सांगतो. एर्मोसा भावांचं गाणं ज्या लयीवर आहे तिला 'साया' म्हटलं गेलं. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी त्यावर हरकत घेतली, की साया हे आमच्या समाजाचं, आमच्या पूर्वजांचं, आणि तुम्ही ते नाव भलत्याच तालाला चिकटवलं. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडूनही दुसऱ्या कोणाचं नाव निसटू शकतं. म्हणून मी कोणाला देव आणि कोणाला राक्षस करत नाही. जो गाण्याला हात लावेल, त्या प्रत्येकानं मागं वळून विचारायचं: हे माझ्याकडं कोणाकडून आलं?

आता कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत. कारण आपल्याकडं दोन अफवा जोरात आहेत.

पहिली अफवा: "रजिस्टर केलं नाही म्हणजे हक्क नाही." चूक. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणं बांधून लिहिलं, रेकॉर्ड केलं की हक्क आपोआप येतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क माणूस जिवंत असेपर्यंत, आणि त्यानंतर 60 वर्षं. नोंदणी केली तर पुराव्याला बरं पडतं, आणि एका गाण्याच्या शब्दांची किंवा संगीताची सरकारी फी 500 रुपये आहे. याच कायद्याचं कलम 57 सांगतं, की हक्क विकून टाकला तरी कर्ता म्हणून स्वतःचं नाव सांगण्याचा अधिकार त्या माणसाकडंच राहतो. पैसा विकता येतो, बाप बदलता येत नाही.

दुसरी अफवा: "आता लग्नात गाणं वाजवलं तरी केस होते." हीही चूक. लग्नाची वरात आणि लग्नाचे सोहळे यांना कायद्यातच सूट आहे, आणि 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. म्हणून धुमालवाल्या भावांनी घाबरायचं कारण नाही. माझं भांडण तुमच्याशी नाही. तुम्ही रस्त्यावर वाजवता, नाव छापत नाही आणि स्वतःचं म्हणून नोंदवतही नाही. माझं भांडण रेकॉर्ड करून, स्वतःचं नाव टाकून, वर दुसऱ्याला नोटीस पाठवणाऱ्यांशी आहे.

आणि कव्हर करायचंच असेल तर कायदा अडवत नाही. पहिली रेकॉर्डिंग निघून पाच वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी आधी भरून, सूचना देऊन दुसरा कोणीही ते गाणं नव्यानं गाऊ शकतो. 2012 च्या दुरुस्तीनं तशी सोय आहे. कॅसेटच्या जमान्यात टी-सीरिजनं कव्हरचा केवढा धंदा केला ते चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. सोनू निगमच्या कॅसेटचं नाव होतं 'रफी की यादें', कुमार सानूच्या 'किशोर की यादें'. मूळ गायकाचं नाव कॅसेटच्या मथळ्यावरच! त्यानं सोनू निगम लहान झाला का? लोकांनी त्याला तिथूनच ओळखलं.

आपल्या मराठीतलं उदाहरण घ्या. 'सैराट' 2016 चा, 'झिंगाट' अख्ख्या देशात वाजलं. 2018 मध्ये 'धडक' निघाला, हिंदीत 'झिंगाट' आलं. संगीत कोणाचं? अजय-अतुलचंच. भाषा बदलली, नट बदलले, पडद्यावरचं गाव बदललं, नाव जागेवर राहिलं. कोणाला हिंदी आवडलं, कोणाला नाही. पण कोणाचं आहे, यावर वाद झाला नाही. एवढं सोपं आहे हे.

आता जे आक्षेप येणार ते मला माहीत आहेत, म्हणून आधीच घेतो.

"गाणं लोकांचं असतं, नाव कशाला?" मग भाऊ, तुझ्या चॅनलचं नाव कशाला? लोगो कशाला? "कारवाई करू" ही तंबी कशाला? गाणं लोकांचं असेल तर सगळ्यांचंच नाव काढा. फक्त म्हाताऱ्याचंच का काढता?

"आम्ही नसतो तर हे गाणं मेलं असतं." असेल. तुम्ही जगवलं, त्याबद्दल तुमचे उपकार. पण बुडत्याला बाहेर काढलं म्हणून त्याची शेती आपल्या नावावर करून घेता येत नाही. सातबारा त्याचाच राहतो.

"कर्ता सापडत नाही." शोधला का? मंडईत एका बाकावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं का? आणि खरंच नाही सापडला, तर तसं लिहा: "अमुक गावच्या अमुक मंडळाकडून ऐकलं, कर्ता माहीत नाही." एवढ्यानंही पुढच्या माणसाला वाट सापडते.

आणि तिसऱ्या बाजूचे, "डीजे बंद करा, संस्कृती बुडाली" म्हणणारे. तुमच्याशीही माझं जमत नाही. बीट लावल्यानं गाणं बुडत नाही. क्यार्कासचं संथ विरहगीत अकॉर्डियनवर नाचाचं झालं म्हणून जगभर गेलं. तुम्ही दंडारीला काचेच्या पेटीत ठेवायला निघाला आहात, आणि मंडईच्या रात्री दहाच्या आत घरी जाऊन झोपता. ज्यानं दंडारीची एक रात्र जागून काढली नाही, त्यानं संस्कृतीवर व्हॉट्सअॅप फॉरवर्ड करू नये.

मग करायचं काय? मोठं काही नाही. चार गोष्टी.

1. यंदाच्या मंडईत प्रत्येक दंडार आणि खडीगंमतीच्या मंडळानं स्टेजवरून, माइकवर, गाण्याआधी सांगावं: हे गाणं कोणी बांधलं, कोणत्या गावचं. दोन वाक्यं लागतात.

2. चॅनल चालवणाऱ्या पोरांनी जुन्या व्हिडिओखालचं 'पारंपरिक' एकदा तपासावं. नाव सापडलं तर आजच टाकावं. मूळ गायकाच्या घरच्यांवर लागलेला दावा काढून टाकावा. यासाठी कोर्ट लागत नाही, पाच मिनिटं आणि मनाचा मोठेपणा लागतो.

3. ज्यांच्या घरी असे म्हातारे आहेत त्यांनी मोबाइल काढून त्यांना बोलतं करावं. गाणं तर घ्याच, पण आधी त्यांच्या तोंडून येऊ द्या: माझं नाव, माझं गाव, हे गाणं मी कधी आणि का बांधलं. हाच उद्याचा पुरावा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी गावोगाव फिरून किती काम केलं, ते माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. आपल्याला निदान आपल्या अंगणात तरी फिरता येईल.

4. शाळांच्या गॅदरिंगमध्ये आणि सरकारी महोत्सवांत पत्रिका छापताना नाचाच्या गटाचं आणि प्रायोजकाचं नाव असतं. गाणं बांधणाऱ्याचंही एक ओळ छापा. शाई तेवढीच लागते.

पैशाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पैसे मिळायलाच पाहिजेत, मागायला लाजू नये. पण नाव असेल तरच पैशाचा दावा करता येतो. नाव गेलं की पैसा मागणारा भिकारी ठरतो आणि देणारा दानशूर. एर्मोसा भावांना भरपाई मिळाली कारण आधी गाणं त्यांचं ठरलं.

बोलिव्हियातल्या दोन भावांकडं 1981 ची रेकॉर्ड होती, म्हणून ते जिंकले. आपल्या म्हाताऱ्यांकडं रेकॉर्ड नाही. त्यांच्याकडं आपण आहोत, त्यांना ऐकलेले लोक. साक्षीदार म्हणून आपण गप्प बसलो तर आणखी पंधरा-वीस वर्षांनी आपलीच नातवंडं त्या गाण्यांवर नाचतील आणि सांगतील, "हे अमुक डीजेचं."

पोस्ट पटली तर शेअर करा. कॉपी करून टाकायची असेल तर तेही चालेल, पण खाली माझं नाव राहू द्या.

आणि कमेंटमध्ये आपल्या गावच्या एखाद्या गाण्याच्या कर्त्याचं नाव आणि गाव लिहा. त्यांना किंवा घरच्यांना विचारून लिहा. यादी इथूनच सुरू करू.